मोठे टायर, खोटा वेग

मोटारीला कारखान्यातून आलेले टायर काढून त्यांच्या जागी रुंद, थोराड टायर चढविण्याची हौस आपल्याकडील तरुण मंडळींत बरीच दिसते. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु या हौसेला माप असते आणि ते टायरच्या अंगावरच छापलेले असते. ते वाचण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही.

१८५/६५ आर १५ हे अनेक लहान मोटारींचे माप घ्या. १८५ मिलिमीटर ही रुंदी, रुंदीच्या ६५ टक्के ही बाजूची उंची आणि १५ इंच हा रिमचा व्यास. या हिशेबाने संपूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर भरतो. त्याच रिमवर २०५/६५ चा टायर चढविला की तो ६४८ होतो. म्हणजे चार टक्क्यांची वाढ.

स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही, फेरे मोजतो. चाक मोठे झाले की प्रत्येक फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते, पण यंत्राला त्याचा पत्ता नसतो. पूर्वी अचूक असलेला काटा ८० दाखवील, तेव्हा गाडी ८३ च्या वेगाने धावत असेल. कारखानदार काटा मुद्दाम किंचित पुढे ठेवतात, हे आम्हांस ठाऊक आहे. दाखविलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असू नये, असा संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ३९ वा नियमच आहे. परंतु ही शिल्लक सुरक्षिततेसाठी राखलेली असते, हौसेपायी उधळण्यासाठी नव्हे. शिवाय अंतराचा आकडाही त्याच प्रमाणात कमी भरतो आणि जुनी गाडी घेणारा गिऱ्हाईक फसतो. उलट, चाकाच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या टॅक्सी-मीटरला लहान चाक मिळाले, तर भुर्दंड उतारूला बसतो.

प्रश्न केवळ काट्याचाही नाही. चवथीला घरची माणसे आणि माटोळीचे सामान भरून गाडी चोर्ला घाटाच्या वळणाला लागली की मोठा टायर मडगार्डच्या आतील बाजूस घासू शकतो. रुंद टायर पावसाच्या साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, ही गोष्ट आपल्या मुलखात विसरून चालणार नाही.

बदल करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. १६५/८० आर १४ च्या जागी योग्य रिमसह १८५/६५ आर १५ घेतला, तर व्यासात अवघा दोन मिलिमीटरचा फरक पडतो. रिम वाढली की बाजू आखूड व्हावी, हेच त्यातील मर्म होय. भार पेलण्याची क्षमताही मूळ टायरपेक्षा कमी नसावी. मात्र ते माप आपल्या गाडीस कारखानदाराने मान्य केलेले आहे की नाही, हे आधी पाहावे. नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई केली आहे.

टायर विक्रेत्यांनी गिऱ्हाइकास नुसती किंमत न सांगता व्यासातील फरकही सांगावा आणि वाहतूक खात्याने भाड्याच्या वाहनांची तपासणी करताना टायरचे माप अवश्य पाहावे. वेगमर्यादेचा फलक चालकाच्या प्रामाणिकपणावर विसंबून असतो. पण चालकाचा काटाच खोटे बोलू लागला, तर प्रामाणिक मनुष्यही नकळत गुन्हेगार ठरतो.