ते दोन तास मुलांचे आहेत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, पालघर
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, पालघर
मा. आयुक्त, एकात्मिक बालविकास सेवा योजना, महाराष्ट्र राज्य
मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, डहाणू

विषय: डहाणू व तलासरी तालुक्यांतील अंगणवाड्यांमध्ये 3 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी रोजचे दोन तास राखून ठेवण्याबाबत.

महोदय,

नोव्हेंबर 2018 मध्ये डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी परिसरात जमीन हलायला लागली आणि पुढे कित्येक महिने ती थांबायचं नाव घेईना. धक्के बहुतेक लहान, पण उथळ. आधी सुरुंग फुटल्यासारखा आवाज, मग भांड्यांचा खडखडाट. 1 फेब्रुवारी 2019 रोजी एका धक्क्याची तीव्रता 4 च्या पुढे गेली. त्या दिवशी घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. लोक ऐन थंडीत उघड्यावर झोपू लागले. प्रशासनाने तंबू दिले, शाळा इमारतीबाहेर भरवल्या, भूकंपमापक यंत्रं बसली, भेगा पडलेल्या घरांचे पंचनामे झाले. हे सगळं करणं गरजेचं होतं आणि आपल्या कार्यालयांनी ते केलं, हे आधी नमूद करते.

पंचनाम्याच्या नमुन्यात न मावणारं एक नुकसान मात्र तेव्हा राहून गेलं, आणि आजही राहतं आहे. त्याबद्दल हे पत्र.

धक्क्यांच्या दिवसांतलं चार वर्षांचं मूल डोळ्यांसमोर आणा. रात्री झोप नाही. दिवसा रस्त्यावरून ट्रक गेला तरी दचकतं. ठोकळे रचायला घेतं आणि दोनावर तिसरा ठेवायच्या आत उठून जातं. दुसऱ्याच्या हातातली बाहुली ओढून घेतं. ‘थांब’ म्हटलं की रडतं, ‘चल’ म्हटलं की जागचं हलत नाही. सेविका आईला सांगते, ‘ऐकतच नाय.’ आई म्हणते, ‘घरी पण तसंच करतो.’ दोघीही खरं बोलतात. मुलाला ऐकू येतं, कळतंही. पण ऐकलेलं धरून ठेवून त्याप्रमाणे वागायला डोक्यात जी निवांत जागा लागते, ती भीतीने अडवलेली असते.

बालविकासाच्या शास्त्रात या क्षमतांना कार्यकारी कौशल्यं म्हणतात. ती मुख्यतः तीन. सांगितलेलं थोडा वेळ मनात धरून ठेवणं, मनात आलेलं लगेच करून न टाकता स्वतःला आवरणं, आणि नियम बदलला की आपलं वागणं बदलणं. मेंदूच्या पुढच्या भागावर ती अवलंबून असतात आणि तीन ते पाच या वयात झपाट्याने वाढतात. पहिलीत गेल्यावर बाई फळ्यावर लिहितात तेव्हा बसून राहणं, दोन सूचना एका वेळी पाळणं, चूक झाली तर पाटी न आपटता पुन्हा करून बघणं, हे सगळं याच तिन्हींच्या जोरावर होतं. अक्षरओळख त्यानंतरची.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यासकांनी तिशी ओलांडेपर्यंत मागोवा घेतला. 2011 मध्ये त्यांनी जे मांडलं ते असं: लहानपणी स्वतःला आवरण्याची क्षमता ज्यांच्यात अधिक होती, त्यांची प्रकृती आणि पैशांचं नियोजन मोठेपणी अधिक चांगलं होतं, बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती यांचा वाटा वेगळा काढला तरीही. म्हणजे ही कौशल्यं श्रीमंत घरच्या मुलांचा वाढीव खाऊ नव्हे. ज्यांच्याकडे दुसरं भांडवल नाही, त्यांना त्यांची गरज सर्वांत जास्त.

ताणाबाबत हार्वर्ड विद्यापीठाच्या बालविकास केंद्राने, जॅक शोन्कॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एक गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे. भीती थोडा वेळ वाटली आणि जवळ धीर देणारं मोठं माणूस असलं, तर मूल सावरतं. तीच भीती महिनोन्महिने राहिली आणि धीर देणारंही कुणी नसलं, तर शरीर कायम पळायच्या पवित्र्यात राहतं आणि शिकण्याच्या, आवरण्याच्या यंत्रणेवर त्याचा भार पडतो. धक्का आपल्या हाती नाही. जवळचं माणूस मात्र आपल्या हाती आहे.

भूकंपाची मालिका ओसरली, धक्के आता अधूनमधून जाणवतात, मग हे आज कशाला, असं आपण विचाराल. कारण या दोन तालुक्यांत जमीन स्थिर असते तेव्हाही मुलांचं आयुष्य स्थिर नसतं. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघतात. वसई, भिवंडी, कुणी गुजरातेत. मुलं सोबत जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तलासरीकडच्या कितीतरी आया भल्या पहाटे टेम्पोत बसून उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत जातात. धाकट्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. 2020 मध्ये टाळेबंदीत अंगणवाड्या दीर्घकाळ बंद राहिल्या. आहार घरी पोहोचला, खेळ पोहोचला नाही. आता बुलेट ट्रेन, द्रुतगती मार्ग, वाढवण बंदर. मोठी माणसं जमीन जाण्याच्या चिंतेत असली की ती चिंता मुलांच्या अंथरुणापर्यंत येते.

आणि उपाय परदेशातून आणायचा नाही. तो डहाणू तालुक्यातच घडला आहे.

1945 मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. 1975 मध्ये केंद्राची योजना आली, त्याच्या तीस वर्षं आधीची. 1950 च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरते म्हणून शाळेत येत नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. गुरं राखणारी मुलं येईनात, तर शाळा कुरणात भरवली. साधनं कोणती? बिया, शिंपले, पानं, खडे, माती.

ताराबाई गिजुभाई बधेकांच्या भावनगरच्या बालमंदिरात माँटेसरी पद्धतीत मुरलेल्या होत्या. बिया रंगांप्रमाणे, मग आकारांप्रमाणे वेगळ्या करणं, रेषेवरून सावकाश चालणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, डोळे मिटून आवाज ऐकणं. बघणाऱ्याला वाटतं, मुलं खेळतायत. 2006 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या माँटेसरी शाळेतल्या पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास आला. कार्यकारी कौशल्यांच्या चाचणीत ती इतर शाळांतल्या मुलांपेक्षा सरस ठरली होती. 2011 मध्ये त्याच नियतकालिकात अॅडेल डायमंड आणि कॅथलीन ली यांनी ही कौशल्यं वाढवणाऱ्या उपायांचा आढावा घेतला, त्यातही माँटेसरी पद्धत आहे. कोसबाडला हे काम त्याच्या अर्धं शतक आधी चालू होतं, तेही करवंदीच्या जाळीशेजारी.

आजच्या अंगणवाडीत यासाठी काय लागेल? ‘तळ्यात-मळ्यात’ घ्या. जमिनीवर खडूची एक रेघ. सेविका ‘तळ्यात’ म्हणाली की उडी आत, ‘मळ्यात’ म्हणाली की बाहेर. ती मुद्दाम लागोपाठ दोनदा ‘मळ्यात’ म्हणते. अंग उडी मारायला निघालेलं असतं आणि ते आवरायचं असतं. पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं फसतात आणि खदखदून हसतात. जमलं की नियम उलटा करायचा: आता ‘तळ्यात’ म्हणजे बाहेर. लक्षात ठेवणं, आवरणं, बदलणं, तिन्ही एका रेघेवर. ‘चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड’ मध्ये म्हशीला हात खाली ठेवणं हेही तेच. तारपा या वाद्याचे सूर बदलले की फेर दिशा बदलतो, हे तर वारली मुलांनी चालता येण्याआधी कडेवरून पाहिलेलं असतं; तोंडाने सूर काढून तोच खेळ वीस मुलांना घेता येतो. डोंगराळ पाड्यावर पावसात वीज गेली तरी यातलं काही बंद पडत नाही.

खेळाइतकाच महत्त्वाचा आहे तो क्रम. आल्यावर गाणं, मग मोकळा खेळ, मग गोष्ट, मग हात धुणं, मग आहार. रोज तसंच, त्याच बाईंसोबत. ज्याच्या घरी उद्या काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही, त्या मुलाला ‘गोष्टीनंतर हात धुवायचे’ हे नक्की ठाऊक असणं हाच मोठा दिलासा असतो.

या सगळ्याला सेविका लागते, आणि ती मुलांत बसलेली असावी लागते. इथेच घोडं अडतं. तिच्या हातात मोबाइल आहे, मोबाइलमध्ये पोषण ट्रॅकर हे नोंदींचं सरकारी अॅप आहे. वजन, उंची, आहार, लसीकरण, गरोदर मातांच्या भेटी, सर्वेक्षणं. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्जही तिनेच भरले. नेटवर्क मिळावं म्हणून ती टेकाडावर जाते, तेव्हा मुलांपाशी मदतनीस असते आणि चुलीवर खिचडी. सेविकेवर ठपका ठेवायला हे लिहीत नाही. ती त्याच पाड्यावर राहते. धक्के तिच्याही घराला बसले.

मे 2023 मध्ये केंद्र सरकारने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम जाहीर केला. त्यात अंगणवाडीतल्या प्रत्येक मुलाला दररोज किमान दोन तास दर्जेदार पूर्वशालेय शिक्षण देण्याचं वचन आहे. 2024 मध्ये 3 ते 6 वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा खेळावर आधारलेला अभ्यासक्रमही आला. म्हणजे मी नवी योजना मागत नाही. शासनाने दिलेला शब्द डहाणू-तलासरीत पाळला जावा, एवढंच मागते. त्यासाठी:

1. अंगणवाडी भरल्यापासूनचे दोन तास राखीव ठेवण्याचा लेखी आदेश काढा. त्या वेळात बैठक नाही, सर्वेक्षण नाही, ऑनलाइन नोंद नाही, वरिष्ठांचा ‘ताबडतोब फोटो पाठवा’ हा संदेशही नाही. नोंदी दुपारी होतील.

2. सेविकांच्या प्रशिक्षणात घाबरलेल्या मुलासोबत कसं वागावं यासाठी वेगळा दिवस ठेवा. तो स्लाइड दाखवून उरकू नका; त्यांना खेळ खेळायला लावा, आणि त्यांची स्वतःची भीती बोलायलाही जागा द्या.

3. गोष्टी आणि गाणी वारलीत होऊ द्या. नियम लक्षात ठेवायचा तर आधी तो कळायला हवा. गावातल्या म्हाताऱ्यांना आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवा.

4. स्थलांतरित लाभार्थ्यांची नोंद ठेवणारी प्रणाली राज्याकडे आहे. तिच्यातून आहारासोबत मुलाची बालवाडीही पुढच्या ठिकाणी पोहोचू द्या. भट्ट्यांचा हंगाम असेपर्यंत तिथे हंगामी अंगणवाडी चालवा. ताराबाईंनी कुरणात शाळा नेली, आपल्याला ती भट्टीवर नेता येईल.

5. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात 3 ते 6 वर्षांच्या मुलांचा स्वतंत्र उल्लेख करा. तंबू उभारताना एक तंबू मुलांच्या खेळाचा, पहिल्या दिवसापासून, त्यांच्याच सेविकेसोबत. अंगणवाडीतून शांतपणे मोकळ्या जागेत जायचा सरावही खेळासारखा वारंवार घ्या.

एक विनंती उलट बाजूनेही. हे मनावर घेतलंत तर पोषण ट्रॅकरमध्ये ‘कार्यकारी कौशल्यं’ असा नवा रकाना घालू नका, आणि चार वर्षांच्या मुलांची परीक्षा घेऊ नका. गुण द्यायला सुरुवात झाली की सेविका पुन्हा मुलांकडून कागदाकडे वळेल. पर्यवेक्षिकेने महिन्यातून एकदा अर्धा तास कोपऱ्यात बसून बघावं: मुलं खेळतायत का, आणि बाई त्यांच्यात आहेत का. एवढी तपासणी पुरे.

खर्चाचा प्रश्न फारसा येत नाही. प्रशिक्षणाचा एक दिवस, भट्टीवरच्या हंगामी केंद्राचं मानधन, थोडे खडू. खरी किंमत वेगळीच आहे: दोन तास माहिती न मागण्याचा संयम वरच्या कार्यालयांना पाळावा लागेल. मुलांकडून आपण ज्या आवरण्याची अपेक्षा करतो, ते आधी आपल्याला जमायला हवं.

दिवाळीनंतर कुटुंबं बाहेर पडू लागतील आणि मग पावसाळ्यापर्यंत ही मुलं आपल्याला एका जागी सापडणार नाहीत. म्हणून दोन तासांचा आदेश आणि हंगामी अंगणवाड्यांची यादी दिवाळीपूर्वी जाहीर करावी, आणि ती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, म्हणजे आया स्वतः येऊन विचारू शकतील.

आपली,
डहाणू-तलासरी परिसरातील एक बालशिक्षण कार्यकर्ती