विश्लेषण : दुखऱ्या पायांना मालीश हवी, पण कुणाच्या हातची?

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंदर किंवा मीरा रोड स्थानकाच्या पुलावर उभे राहिले, तर आदल्या दिवशी कोण धावले हे विचारावे लागत नाही. जिना चढताना ही मंडळी ठीक असतात. उतरताना मात्र कठड्याला धरून, आडवे होऊन, एकेक पायरी उतरतात. मग लोकलमध्ये कुणीतरी सल्ला देतो, ‘मसाज करून घे, लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जाईल.’ या सल्ल्याचा पहिला भाग अर्धा खरा आहे, दुसरा साफ चुकीचा. शिवाय मीरा-भाईंदरमध्ये मसाज करून घ्यायचा तर जायचे कुठे, हा प्रश्न उरतोच.

लॅक्टिक अ‍ॅसिडचे काय?

जोरदार व्यायामात रक्तातले लॅक्टेट वाढते हे खरे. पण व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर ते स्वतःच वापरून टाकते. सोमवारी सकाळी ते पायात शिल्लकच नसते, तर मसाजने निघणार काय? उलट, कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात २०१० मध्ये झालेल्या एका प्रयोगात, व्यायामानंतर लगेच केलेल्या मसाजमुळे स्नायूतला रक्तप्रवाह अडून लॅक्टिक अ‍ॅसिड बाहेर पडण्यात अडथळाच आला, असे दिसले.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे दुखणे वेगळे. स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागला की त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. उतारावर धावताना, जिना उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूवर नेमका हाच भार येतो. म्हणून उत्तनच्या टेकडीचा चढ ज्याला दमवतो, त्याला दुसऱ्या दिवशी रडवतो तो उतार. हे दुखणे २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते आणि काही न करताही ओसरते.

मग मसाजचा उपयोग किती?

ब्रिटनमधील शेफील्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये २९ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत १,०१२ जण सहभागी होते. मसाजमुळे ताकद, उडी, वेग किंवा दमसास वाढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. लवचीकता मात्र सरासरी सात टक्क्यांनी सुधारली आणि नंतरचे दुखणे १३ टक्क्यांच्या आसपास कमी झाले. त्याआधी २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी बर्फाचे पाणी, घट्ट मोजे, स्ट्रेचिंग अशा अनेक उपायांची तुलना केली होती. दुखणे आणि थकवा कमी वाटण्यात त्यांच्या यादीत मसाज पहिला आला.

म्हणजे मसाजने धावपटू वेगवान होत नाही, पण त्याला बरे वाटते. या ‘बरे वाटण्या’ला नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्याला रात्री झोप लागते आणि परवा पुन्हा मैदानात जावेसे वाटते, त्याचा सराव चुकत नाही. आक्षेप आहे तो ‘शरीरातले विष बाहेर काढू’, ‘गाठी फोडू’ असे सांगून दहा-दहा सत्रांची पॅकेजे गळ्यात मारणाऱ्यांवर.

आपल्याकडे ही परंपरा नवी आहे का?

मुळीच नाही. मराठी घरात माणसाची मालीश सुरू होते ती बारशाच्याही आधी, बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हातून. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे तेल तर सर्वांच्या अंगाला लागते. पण खेळाडूची मालीश म्हणून नाव घ्यायचे तर कोल्हापूरच्या तालमींचेच. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत अंग रगडणे हा जोर-बैठका आणि खुराकाइतकाच दिनक्रमाचा भाग. तिथे ही सेवा कुणी विकत घेत नाही. मल्ल एकमेकांचे अंग रगडतात, नवा पोरगा थोरल्या पैलवानाचे पाय तुडवतो आणि ते करता करता कोणता स्नायू कुठून कुठे जातो हे बोटांनी शिकतो. पुढे तोच वस्ताद झाला की पोराच्या खांद्यावर हात ठेवून आज त्याला कुस्ती द्यायची की विश्रांती, हे सांगू शकतो.

हेच काम मोठ्या पातळीवर कसे चालते, याचे उदाहरण रमेश माने यांचे. २०११ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय क्रिकेट संघाचे मालीशतज्ज्ञ तेच होते. खेळाडू त्यांना ‘माने काका’ म्हणत. अशा माणसाचे मोल तेलात नसते. तोच हात रोज त्याच पायावर फिरतो, त्यामुळे काल नव्हते असे काही आज तिथे असेल तर ते त्याला कळते आणि तो ते फिजिओला सांगतो. अधूनमधून कुठल्या तरी स्पामध्ये तासभर पडून राहिल्याने हे मिळत नाही.

मालीश कुठे घातक ठरते?

इथे आपल्या मैदानांवरची एक सवय मोडायला हवी. कबड्डीत पोराचा घोटा मुरगळला की चार जण धावतात आणि मलम चोळायला लागतात. ताज्या दुखापतीत आत रक्त साकळत असते. चोळल्याने सूज वाढते. पहिले दोन-तीन दिवस बर्फ, क्रेप बँडेज आणि पाय उंच ठेवणे एवढेच करावे. पाऊल टेकवता येत नसेल तर एक्स-रे काढावा.

नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवता येईल असे दुखत असेल, धावताना ते वाढत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता असते. तिथे अंगठा रुतवून ‘गाठ मोडणे’ म्हणजे तडा मोठा करणे. दुसरा धोका अधिक गंभीर. लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर ती शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते. रगडल्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. अशा वेळी मसाजवाल्याकडे न जाता थेट डॉक्टरकडे जावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, ताप असेल, कातडीवर संसर्ग असेल, तरी मालीश नको.

आणि शर्यतीच्या दोन दिवस आधी आयुष्यातला पहिला खोल मसाज घेऊ नये. ‘जितकी कळ, तितका गुण’ हा समज घेऊन गेलेले पाय स्टार्ट लाइनवरच दुखत असतात.

मीरा-भाईंदरची अडचण काय?

या शहरात ‘मसाज’ हा शब्द बदनाम झाला आहे. स्पा किंवा मसाज पार्लरवर पोलिसांचा छापा, तिथून महिलांची सुटका, चालकावर गुन्हा ही बातमी इथल्या वाचकाला नवी नाही. त्या महिलांचे शोषण हा त्यातला सर्वांत गंभीर भाग. पण त्याची एक झळ खेळाडूंनाही बसते. धावणाऱ्या एखाद्या बाईला पाठीचा स्नायू मोकळा करून घ्यायचा असेल तर काळ्या काचेचा दरवाजा ढकलायला ती धजत नाही, आणि तिची भीती चुकीची म्हणता येत नाही. प्रामाणिकपणे काम करणाऱ्यालाही ओळखीच्यांपुढे ‘मी मसाज करतो’ असे म्हणायला संकोच वाटतो.

फिजिओथेरपिस्टला चार वर्षांहून अधिक शिक्षण घ्यावे लागते आणि राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नुसती मालीश करणाऱ्यावर असे बंधन नाही. गाळ्यावर ‘स्पोर्ट्‌स थेरपी’ची पाटी लावली की झाले. त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारणे, कुठे शिकलात हे विचारणे, समोरचा आधी दुखापतीची आणि औषधांची चौकशी करतो का हे पाहणे, हे काम ग्राहकाच्याच गळ्यात पडते.

महापालिका काय करू शकते?

शहरात धावणारे पाय वाढले आहेत. जेसल पार्कच्या चौपाटीवर, सुभाषचंद्र बोस मैदानात, राई-मुर्धे-मोर्व्याच्या रस्त्यावर पहाटे ते दिसतात. महापालिका मैदाने बांधते, त्यांची उद्घाटनेही होतात. मैदानावर पडलेल्या पोराचे पुढे काय, याचा विचार मात्र आराखड्यात नसतो. मैदानालगत एक खोली, आठवड्यातून तीन संध्याकाळी नोंदणीकृत फिजिओ, मदतीला प्रशिक्षित एक स्त्री आणि एक पुरुष, भिंतीवर दरपत्रक. याचा खर्च एखाद्या प्रवेशद्वाराच्या सुशोभीकरणापेक्षा फार नसावा. कबड्डी-खो-खोच्या मंडळांतील प्रशिक्षकांना याच खोलीत दोन गोष्टी शिकवता येतील : कुठे चोळायचे नाही, आणि तालमीतल्यासारखी एकमेकांची मालीश कशी करायची. ज्या घरात बुटांचे पैसे जेमतेम जमतात, तिथल्या मुलाला दुसरी सोय परवडणारी नाही.

तोवर पुलावरून आडवे उतरणाऱ्यांनी सोमवारी थोडे चालावे, भरपूर झोपावे आणि संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी प्रत्येक पायाला दहा मिनिटे हलक्या हाताने तेल लावायला सांगावे. खोबरेल की तिळाचे, हा वाद घालण्यात अर्थ नाही. हात घसरावा एवढेच तेलाचे काम.