विश्लेषण : रत्ने-खडे जमवण्याचा छंद… कोणता दगड घ्यावा, कोणत्याला हात लावू नये?

हिरवट ॲपोफिलाइट, निळे कॅव्हेन्साइट, जांभळे ॲमेथिस्ट… असे स्फटिक दाखवणाऱ्या रील्स पाहून अनेकांना स्वतःचा संग्रह सुरू करावासा वाटतो. सावंतवाडी तालुक्यातील इन्सुलीसारख्या गावात तर दगड दारातच आहे. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या या पट्ट्यात काळ्या दगडाच्या खाणी आणि क्रशर आहेत. मालवणचा किनाराही याच जिल्ह्यात. पण दिसला दगड, घातला पिशवीत, इतके हे सोपे नाही.

महाराष्ट्राचे नाव जगभर का?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर साचले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजयुक्त गरम पाणी त्यांत शिरले आणि स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, ॲपोफिलाइट यांचे स्फटिक तयार झाले. जळगाव, नाशिक, पुणे भागांतील खडीच्या खाणींतून हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत गेले. पुण्याजवळच्या वाघोलीचे कॅव्हेन्साइट तर संग्राहकांत प्रसिद्ध आहे. सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय याच खनिजांसाठी ओळखले जाते.

इन्सुलीत तसे स्फटिक मिळतील?

तशी अपेक्षा ठेवू नये. सिंधुदुर्गात दख्खनच्या लाव्ह्याचे थर संपत जातात आणि त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. मात्र जिल्ह्यापुरता छोटा संग्रह नक्की होऊ शकतो : गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, जांभा, रेडीचे लोहखनिज, कासार्डेची सिलिका वाळू. यात रत्न एकही नाही, पण आपल्या पायाखालची जमीन कशाची आहे, हे त्यातून कळते.

खाणीतून दगड उचलणे बेकायदा आहे का?

खाण ही कुणाच्या तरी भाडेपट्ट्यावर असते. तिथे परवानगीशिवाय शिरणे चूक आणि सुरुंगांमुळे धोक्याचेही. केंद्राने १० फेब्रुवारी २०१५ रोजी ३१ खनिजे गौण खनिजांच्या यादीत घातली. त्यांत अकीक, कॅल्साइट आणि जास्पर आहेत; क्वार्ट्झही २०२५ पर्यंत त्यांत होते. विनापरवाना गौण खनिज काढल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा छंदासाठी नव्हे, उपशासाठी आहे. तरीही खाणमालकाला विचारून एखादा तुकडा घेणे आणि रात्री पोते भरून नेणे यांतला फरक संग्राहकाने ओळखायला हवा. गंमत म्हणजे, कुणी बाजूला काढले नाहीत तर खाणीतले स्फटिक क्रशरमध्ये जाऊन त्यांची खडी होते. त्यामुळे खाणमालकाशी ओळख हीच या छंदातली मोठी गुंतवणूक.

आणि किनाऱ्यावरचे पोवळे?

इथे मात्र सूट नाही. प्रवाळभित्ती बांधणारी सर्व प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे. तिथले प्रवाळ तोडणे, जवळ बाळगणे किंवा विकणे यावर तुरुंगवास होऊ शकतो. अंगठीतले लाल पोवळे वेगळ्या जातीचे असते. ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येते.

विकत घेताना फसगत कुठे होते?

बाजारातले बरेचसे सिट्रीन हे तापवलेले ॲमेथिस्ट असते. पांढऱ्या हाउलाइटला निळा रंग देऊन फिरोजा म्हणून विकतात. स्वस्त माणकांच्या भेगांत शिसेयुक्त काच भरलेली असू शकते. प्रक्रिया केलेला खडा घेणे गैर नाही. ती लपवणे गैर आहे. म्हणून बिलावर खड्याचे नाव आणि केलेली प्रक्रिया लिहून घ्यावी. महाग खडा असेल तर मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाकडून तपासून घ्यावा. सुरुवात शेकड्यांतल्या खड्यांनी करावी, हजारांतल्या नव्हे.

कोकणच्या हवेत जपायचे कसे?

मोह्झच्या मापावर क्वार्ट्झ ७, कॅल्साइट ३. एकाच डब्यात ठेवले तर कॅल्साइटवर ओरखडे ठरलेलेच. कॅल्साइट लिंबू किंवा व्हिनेगरने धुऊ नये, ते विरघळते. ॲमेथिस्टचा रंग उन्हात उडतो. पावसाळी दमटपणात पायराइट कुजते. त्याच्या डबीत सिलिका जेलची पुडी हवी.

मग संग्रहाची किंमत कशात?

चिठ्ठीत. खनिजाचे नाव, गाव, खाण, तारीख, कुणाकडून मिळाले आणि किंमत. ही चिठ्ठी असेल तर साधी गारगोटीही अभ्यासाला उपयोगी पडते, आणि ‘हा दगड कुठून आणला?’ असे कुणी विचारले तर उत्तर तयार असते. चिठ्ठी हरवली, तर वाघोलीचे कॅव्हेन्साइटसुद्धा फक्त एक सुंदर निळा दगड उरतो.