मोटारींचे उंचावलेले नाक

नव्या मोटारीचे रूप हा निव्वळ आवडीनिवडीचा विषय मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वस्तुस्थिती तशी नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या, लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले आणि कंपन्यांनी तत्परतेने गाड्यांच्या शेपट्या छाटल्या. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी फेररचनेतही पेट्रोल-डिझेल मोटारींसाठी ती सीमारेषा कायम राहिली. अलीकडे १८ टक्के, पलीकडे ४०. लांबीला अशी वेसण बसल्यावर रुबाब मिरवायला उरली ती उंची.

पुण्यात घडलेल्या १९९८ च्या इंडिकाचे उतरते नाक आठवावे आणि आजच्या एसयूव्हींचा भिंतीसारखा दर्शनी भाग पाहावा. आपल्या रस्त्यांना उंच गाडीच हवी, हा युक्तिवाद अर्धाच खरा. खड्ड्यांसाठी लागते ती पोटाखालची मोकळी जागा; त्यासाठी बॉनेट माणसाच्या छातीपर्यंत नेण्याचे कारण नाही. २००० साली आलेली बोलेरोही चौकोनीच, पण तिचा चौकोनीपणा कामाचा होता. आताचा बव्हंशी दिखाव्याचा आहे.

त्याची किंमत शोरूममध्ये नव्हे, रस्त्यावर मोजावी लागते. कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावरील मलकापूरसारख्या गावात बाजाराला आलेली माणसे, शाळकरी मुले आणि आंबा घाटाकडे निघालेली पर्यटकांची वाहने यांची गाठ पडतेच. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या वाहनाने धडक दिल्यास पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. तिथले रस्ते रुंद, पदपथ स्वतंत्र. आपल्याकडे पदपथावर भाजीवाला बसतो आणि पादचारी रस्त्यावरून चालतो.

आपल्याकडे नियमच नाहीत असे नव्हे. २०१८ पासून नव्या मॉडेलांना पादचारी-सुरक्षेची चाचणी बंधनकारक झाली. मात्र तीत मोजला जातो तो डोक्याला व पायाला बसणारा आघात. बॉनेटपुढे उभे असलेले मूल चालकाला दिसते की नाही, हा त्याआधीचा प्रश्न आहे. करासाठी गाडीची लांबी काटेकोर मोजणाऱ्या शासनाला बॉनेटची उंची मोजणे जड जाऊ नये. २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनसीएपीच्या तारांकनात चालकाच्या पुढील दृष्टिक्षेत्राला गुण द्यावेत आणि तो आकडा गाडीच्या किमतीशेजारी छापणे सक्तीचे करावे.