शिकवणीची फी आणि ज्ञानदान



जून जवळ आला की आपल्या मंडळात एक विषय हमखास निघतो. कुणाची सून बी.एस्सी., कुणाची बी.कॉम., शिक्षण घरातच पडून आहे. मग ठरतं, घरीच शिकवणी सुरू करायची. सुरुवातीला आठ मुलं येतात, दिवाळीपर्यंत बारा होतात आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सून सांगते, बंद केलं हो काकू, परवडत नव्हतं. सेनगावात मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता बोलायलाच हवं. या मुलींना शिकवणं छान जमतं. फी मागणं जमत नाही.

आपल्याकडे या संकोचाला एक गोड नाव आहे, ज्ञानदान. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं आपण पाठशाळेत पाठ केलेली. त्यामुळे शेजारची बाई सहज बोलून जाते, 'अगं, ज्ञानाचे काय पैसे घ्यायचे?' (तिच्या दुकानात साखर कधी दानात मिळत नाही, पण ते असो.) माझं मत सरळ आहे. फी ही फी आणि दान हे दान. दोन्ही करावं, पण वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहावं.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्यातलेच, कुंभोजच्या जैन घरात 1887 साली जन्मलेले. रयत शिक्षण संस्था सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याआधी ते साताऱ्यात खासगी शिकवण्या घेत आणि लोक त्यांना 'पाटील मास्तर' म्हणत, हे कमी जणींना माहीत असतं. पुढे त्यांनी ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी विक्रीचं कामही केलं. 1919 मध्ये काले इथे रयत सुरू झाली, 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह निघालं आणि सगळ्या जातींची मुलं तिथे एका पंगतीत जेवली. शिकवणीचे पैसे घेणारे मास्तर आणि गरिबांच्या मुलांना आसरा देणारे कर्मवीर एकच. त्यांच्या वसतिगृहातही मुलं श्रम करून शिकत, आयतं काही नव्हतं.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या जेवणासाठी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. हे सांगताना आपले डोळे भरतात. पण मी कॉमर्सवाली, मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कार्याचं भांडवल घरातल्या बाईकडून आलं. आपल्या छोट्या शिकवणीतही तसंच असतं. बैठकीची खोली, वीज, पंखा, फळा, झेरॉक्स आणि तेवढा वेळ नातवाला घेऊन बसलेली सासू. याची किंमत शून्य धरली तर शिकवणी फायद्यात दिसते आणि बाई मात्र थकून जाते.

म्हणून हिशोब असा मांडा. समजा बारा मुलं आहेत आणि फी महिना 400 रुपये. महिन्याचे 4,800 झाले. त्यातल्या दोघांची परिस्थिती खरंच नाही. त्यांना शिकवाच, पण जमेच्या बाजूला 4,800 लिहा आणि खर्चात 'ज्ञानदान 800'. पैसे हातात आले नाहीत तरी लिहा. वर्षाअखेर कळेल की आपण खरोखर किती दान केलं आणि किती पैसे निव्वळ भिडेपोटी सोडले. दान ठरवून होतं. भिडेपोटी सुटलेल्या पैशाला दान म्हणणं मला तरी पटत नाही.

आपल्या भागात दर महिन्याच्या एक तारखेला सगळे पैसे देतील ही अपेक्षाच चुकीची आहे. शेतकऱ्याच्या घरी पैसा सोयाबीन विकल्यावर येतो, नाहीतर हळद निघाल्यावर. मग फी त्या दोन हप्त्यांत घ्या, पण ठरलेली रक्कम आणि महिना पहिल्याच दिवशी पालकांसमोर वहीत लिहून घ्या. 'द्या सवडीने' हे वाक्य तोंडातून काढूच नका. आणि पैसे सुनेच्या स्वतःच्या बँक खात्यात जाऊ देत, घराच्या गल्ल्यात नको. यावरून घरात कुरबुर होईल. होऊ द्या.

वेळेचा प्रश्न आपल्या घरांत वेगळाच आहे. शाळा सुटते पाचच्या सुमाराला आणि डिसेंबरात सूर्य पावणेसहालाच मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात नेमक्या त्या वेळी शिकवणी ठेवली तर सून एक तर उपाशी राहते किंवा नियम मोडते आणि बोल शिकवणीला लागतो. सकाळी साडेसहा ते आठ किंवा संध्याकाळी सातनंतर, याच वेळा घ्याव्यात. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस सुट्टी, हे पालकांना जूनमध्येच सांगावं. इतर समाजाचे पालकही ते मान्य करतात, फक्त आयत्या वेळी सांगू नये.

आता किती वाढवायचं? राजस्थानात कोट्याला व्ही. के. बन्सल नावाचे कारखान्यातले इंजिनिअर नोकरी सांभाळून घरीच मुलांना शिकवू लागले. पुढे त्या शहराचं काय झालं, ते आपण सारे पाहतो. आपल्या जवळ लातूर आणि नांदेड आहेतच. त्या शर्यतीत आपण उतरू नये असं मला वाटतं. अणुव्रतांत परिग्रहाचं परिमाण आपण सोन्याचं आणि जमिनीचं घेतो, मग मुलांच्या संख्येचंही घ्यावं. एका वेळी पंधरा मुलं, दिवसाला दोन तुकड्या. याहून जास्त मुलांच्या वह्या एकटी बाई नीट तपासू शकत नाही. न तपासता पूर्ण फी घेणं हे अचौर्यात बसतं का, ज्याचं त्याने पाहावं.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. सून शाळेत शिक्षिका असेल तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 प्रमाणे तिला खासगी शिकवणी घेता येत नाही. फी न घेता घेते, ही पळवाटसुद्धा नको. केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या कोचिंगबाबतच्या मार्गदर्शक सूचना 50 हून जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत, तेव्हा घरगुती शिकवणीने उगाच घाबरून जाऊ नये.

यंदा जी सुरू करणार आहे, तिने मंडळाच्या पुढच्या बैठकीला एक कोरी वही घेऊन यावं. रकाने मी आखून देते.