ओळखा पाहू, विमान कोणतं?

दोस्तांनो, खराडीत राहता? मग लोहगावच्या विमानांची घरघर रोजचीच! पण नुसतं वर पाहू नका. शेपूट, पंख, इंजिनं, तिन्ही वहीत टिपा. फोटो नको हं, तो वायुदलाचा तळ आहे!

शेपटावर दोन उभे पंख, मागे दोन जेट इंजिनं? ते सुखोई. १९९७ साली ते लोहगावलाच दाखल झालं.

आणि कधी दोन पंख्यांचं, शेपटाखाली चिमुकलं चाक असलेलं विमान दिसलं तर? ते डाकोटा! २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटांनीच आपले जवान श्रीनगरला उतरवले. तसंच जुनं एक डाकोटा, 'परशुराम', डागडुजी करून २०१८ साली इंग्लंडहून उडत भारतात आलं. ओळख असेल, तरच त्याला सलाम ठोकाल ना?