पाय पाहून सायकल



गेल्या महिन्यात एका शेतकरी बंधूंचं पत्र आलं. मजकूर थोडक्यात असा : मुलगी नववीत आहे. शाळेला जाऊन-येऊन रोज १८ किलोमीटर सायकल मारते. यंदा शर्यतीत दुसरी आली. आता म्हणते, कार्बनची सायकल पाहिजे, तीही माझ्या मापानं करून घेतलेली. किंमत ऐकून डोळे पांढरे झाले. दावणीला दोन म्हशी आहेत, त्यातली एक काढावी का? पोरीला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायची छाती होत नाही.

पत्र वाचून मी दोन दिवस घुटमळलो. घरात कुणाला ना कुणाला अशी ओढ असते आणि बापाच्या खिशाला ती झेपत नाही. म्हणून उत्तर सगळ्यांसमोरच देतो.

आधी ही कार्बनची सायकल काय चीज आहे ते पाहू. स्वेटरच्या अॅक्रिलिक लोकरीचा भाऊबंद असलेला एक धागा हवा न लागू देता हजार अंशांच्याही वर तापवतात. मग मागे उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन. एकेक तंतू आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक! असे हजारो तंतू शेजारी शेजारी लावून पट्टी करतात, ती चिकट एपॉक्सीत भिजवतात, थरावर थर देतात आणि दाबून, भाजून घट्ट करतात.

आता तुम्ही बांबू फोडलेला आहे. बांबू उभ्या अंगानं केवढा बळकट, पण कोयता उभा बसला की सरळ फाकतो. कार्बनचं तसंच. तंतू ज्या दिशेला, बळ त्या दिशेला. म्हणून एक थर उभा, एक आडवा, एक तिरपा असे घालावे लागतात. कुठे जाड, कुठे पातळ, हेच कारागिराचं कसब आणि त्याचेच पैसे. आपली काळी सायकल २० किलोच्या आसपास भरते. शर्यतीच्या सायकली मात्र इतक्या हलक्या होऊ लागल्या की ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालणार नाही, असा नियम आंतरराष्ट्रीय संघटनेला २००० साली करावा लागला.

मापाच्या फ्रेमची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत क्रेग कॅल्फी नावाचा तरुण शर्यतीच्या होड्या बनवायच्या कामावर होता. होड्या कार्बनच्या. १९८७ साली अपघातात त्याची पोलादी सायकल कामातून गेली. हातात विद्या होतीच, त्यानं कार्बनच्या नळ्या जोडून स्वतःसाठी फ्रेम केली. पुढे तो गिऱ्हाइकाच्या मापानं फ्रेमा करू लागला. त्या काळी कार्बनच्या फ्रेमा ठरावीक मापातच मिळत. पाय लांब आणि धड आखूड असेल त्यानं जमवून घ्यायचं.

ही गोष्ट ग्रेग लेमाँडच्या कानावर गेली. फ्रान्समध्ये दरवर्षी तीन आठवड्यांची जगप्रसिद्ध शर्यत होते, टूर द फ्रान्स. ती या गड्यानं १९८६, १९८९ आणि १९९० अशी तीनदा जिंकली. त्यातली १९८६ सालची तर कार्बनच्याच फ्रेमवर. त्यानं १९९१ साली स्वतःसाठी आणि सोबत्यांसाठी कॅल्फीकडून मापाच्या फ्रेमा करून घेतल्या. जगातला तीनदा विजेता आणि खाली अंगासारखी बेतलेली सायकल! त्या वर्षी तो कितवा आला ठाऊक आहे? सातवा. पहिला आला स्पेनचा मिगेल इंदुराईन. सायकलीत खोट नव्हती. पण शर्यत शेवटी पायांनी आणि छातीनं जिंकायची असते.

मग माप फुकट का? मुळीच नाही. उलट माप आधी, कार्बन नंतर. सीट खाली असली तर गुडघे दुखतात, वर असली तर कंबर डुलते. आज संध्याकाळी पोरीला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी करा. पाय वीतभर फाकवून एक जाड वही दोन्ही मांड्यांच्या मध्ये वरपर्यंत सरळ धरायला सांगा. जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत टेपनं मोजा. त्या आकड्याला ०.८८३ नं गुणा. ७५ सेंटिमीटर भरलं, तर उत्तर येतं सव्वासहासष्ट. पायडल ज्या आसाभोवती फिरतं, तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवा. हा हिशेब लेमाँडनंच लोकांपुढे मांडलेला आहे. तो अंदाजासाठी धरायचा, पुढे अर्धा-एक सेंटिमीटर खालीवर करून अंगाला बसवायचं. याला खर्च काही नाही, एक पाना पुरे.

आता माझी फजिती सांगतो. माझ्या पुतण्यानं दोन वर्षं पगारातून बाजूला टाकून अशी सायकल जुळवली. फ्रेम एकीकडची, चाकं दुसरीकडची, एकेक भाग जमवत गेला. सुट्टीत गावी आणली तेव्हा मीही चढलो. मंडळी, खोटं कशाला बोलू, पायडलवर पाय ठेवला की जनावर सुटावं तशी सुटते. चढाला पाठीवर हात ठेवून कुणी ढकलतंय असं वाटतं. पण सीट मला जरा खाली होती. पुतण्या आत चहा घेत होता. मी सीट वर केली आणि इंजिनाचे नट आवळायची सवय असलेल्या या हातानं आवळली. अजून थोडी, अजून थोडी. आणि ‘कट्ट’ असा आवाज आला.

सीटची कार्बनची दांडी तडकली होती. पुतण्या बाहेर आला, पाहिलं आणि एवढंच म्हणाला, “काका, लागलं नाही ना?” पोरगं रागावलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर त्यानं समजावलं. अशा भागावर किती आवळायचं याचा आकडाच छापलेला असतो, पुष्कळदा ५ न्यूटन मीटरच्या आसपास. त्यासाठी टॉर्कचा पाना वेगळा मिळतो. दांडी घसरू नये म्हणून ग्रीस नव्हे, बारीक खर असलेली खास पेस्ट लावायची. आणि मुख्य म्हणजे पोलाद आधी वाकतं, इशारा देतं. आपला लोहार ते ठोकून सरळ करतो. कार्बन वाकत नाही, तडकतं, आणि ते कधी कधी वरून दिसतही नाही. रंग शाबूत, आतले थर सुटलेले. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तसं नाण्यानं हलकं वाजवत जायचं. आवाज मध्येच बद्द आला तर जाणकाराला दाखवल्याशिवाय चढायचं नाही. पडलेल्या सायकलीचं हे आधी. उतारावर पुढचा चिमटा मोडला तर काय होईल, ते सांगायला नको. कार्बनची दुरुस्ती होते, पण ती करणारा कारागीर गावात भेटत नाही.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या बंधूंना माझं सांगणं असं. म्हैस विकू नका. मुलगी नववीत आहे, तिचं अंग अजून वाढतंय. परकर शिवताना आपण खाली दुमड ठेवतो, पोर वाढली की उसवतो. कार्बनच्या फ्रेमला दुमड ठेवता येत नाही. आज मापानं केलेली सायकल दोन वर्षांनी बेमाप होईल. स्वस्त मिळते म्हणून कुणाची वापरलेली कार्बनची सायकल तर घेऊच नका. तिनं किती वेळा माती खाल्ली ते ती सांगत नाही. पैसे साठवून तिच्या उंचीची अॅल्युमिनियमची तयार सायकल पाहा. टायर थोडे रुंद असू द्या, आपल्या रस्त्यांची खडी तुम्हाला ठाऊक आहे. आणि चांगलं हेल्मेट पहिल्या दिवशी.

पण पोरीला नुसतं ‘परवडत नाही’ म्हणून वाटेला लावू नका. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, जवळजवळ ५,००० किलोमीटर, एकट्यानं सायकलवर १२ दिवसांच्या आत पार केली. तेव्हा हे आपलं काम नव्हे, असं म्हणायचं कारण नाही. टेप घेऊन तिच्याजवळ बसा, माप घ्या, भिंतीवर तारीख घालून लिहा. दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. आकडा थांबला आणि पोरीची जिद्द थांबली नाही, तर तेव्हा मला पुन्हा पत्र टाका. म्हशीचा विचार तेव्हा मिळून करू.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे पैशाच्या बाबतीत खरंच. सायकलीच्या बाबतीत मात्र आधी पाय पाहावे, मग अंथरूण.

बरं आहे, भेटू पुढच्या आठवड्यात.